चौदा हजारांत ढीग एवढाच?

मागच्या एप्रिलमध्ये कोथरूडमधल्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाची छाटणी संपवून आम्ही दोर गुंडाळत होतो, तेव्हा सोसायटीचे खजिनदार खाली उतरले. त्यांनी झाडाकडे मान वर करून पाहिलेच नाही. फाटकाजवळ रचून ठेवलेल्या फांद्यांकडे मात्र त्यांनी नीट पाहिले आणि विचारले, "चौदा हजारांत ढीग एवढाच?" मी म्हणालो, "साहेब, ढीग छोटा राहावा म्हणूनच दिवस गेला." हे उत्तर मला तेव्हा फार चपखल वाटले होते. त्यांना ते वाटले नाही, कारण त्या दिवशी दहा हजार मिळाले आणि उरलेले चार हजार मिळवायला मला दोन महिने फोन करावे लागले.

पुण्यात झाडांच्या छाटणीची आणि धोकादायक झाडे उतरवण्याची कामे घ्यायला लागून मला एकोणीस वर्षे झाली. इंग्रजीत हे काम करणाऱ्याला झाडांचा शल्यविशारद असे भारदस्त नाव आहे. आमच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये मात्र माझा नंबर 'झाडवाले' या नावाने असतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याकडे कायमची पाच माणसे आहेत, दोन साखळी करवती आहेत, भाड्याने बोलावायचा एक टेम्पो ठरलेला आहे आणि दोर, कप्प्या, पट्टे ठेवण्यासाठी एक गाळा आहे. माझी तक्रार ढिगाची आहे, कारण या धंद्यात आमचे काम जमिनीवर पडलेल्या लाकडावरून मोजले जाते आणि चांगल्या छाटणीत जमिनीवर फार काही पडतच नाही.

ही सवय लोकांना का लागली, हे समजायला जुना व्यवहार पाहावा लागतो. पूर्वी बहुतेक ठिकाणी 'लाकूड तुमचे' या बोलीवर झाड तोडायला दिले जाई, आजही दिले जाते. मालकाने मजुरी कमी द्यायची आणि फरक लाकूडतोड्याने वखारीत लाकूड घालून भरून काढायचा, असा तो हिशेब. चिंच, बाभूळ किंवा आंब्यासारखे जळाऊ लाकूड असेल तर तो कदाचित जुळतही असेल. पण या बोलीत एक मोठी मेख आहे. ज्याची कमाई लाकडाच्या वजनावर आहे तो माणूस कोणती फांदी तोडेल? डोक्यावर वाळलेली, मनगटाएवढी काटकी तो तशीच सोडेल आणि खोडाला लागून असलेली, मांडीएवढी जाड, निरोगी फांदी उतरवेल. त्यात त्याचा दुष्टपणा काही नाही, त्याला पैसेच त्याचे मिळतात. म्हणून मी दरपत्रकात छाटणी वेगळी लिहितो, लाकूड व पाला उचलण्याचा खर्च वेगळा लिहितो आणि लाकूड कोणाला हवे असेल तर त्यांनाच ठेवून घ्यायला सांगतो. पर्जन्यवृक्षाचे आणि गुलमोहोराचे लाकूड वखारवालाही नाक मुरडूनच घेतो, त्यामुळे त्यात माझा त्याग फारसा नाही.

त्या चौदा हजारांचा हिशेब मी खजिनदारांना तेव्हा दिला नाही, तो इथे देतो. वर चढणाऱ्याचे पंधराशे, दोर सांभाळणाऱ्या दोन जाणत्या माणसांचे अठराशे, दोन मदतनिसांचे चौदाशे. म्हणजे मजुरीच चार हजार सातशे झाली. टेम्पोच्या दोन फेऱ्यांचे तीन हजार. पेट्रोल आणि साखळीचे तेल पाचशे, चहा-जेवण पाचशे, दोर व यंत्रांच्या झिजेपोटी आठशे, विम्याचा त्या दिवसाचा वाटा तीनशे. पाहणी करणे, छायाचित्रे काढणे, परवानगीच्या अर्जासाठी सोसायटीच्या सचिवांबरोबर खेटे घालणे, यात गेलेल्या अर्ध्या दिवसाचे हजार. एकूण दहा हजार आठशे. उरले तीन हजार दोनशे, आणि पावसाने बुडालेले दिवस, गाळ्याचे भाडे व दोन महिने अडकलेले चार हजार हे सगळे त्यातूनच सोसायचे. त्याच कामासाठी दुसऱ्या एकाने सहा हजारांचा भाव दिला होता, हे मला नंतर कळले. तो खोटा भाव नव्हता. त्याने ते काम सहा हजारांत नक्की केले असते, फक्त ते वेगळे काम झाले असते.

फरक कुठे पडतो, ते सांगतो. फांदी ही एक तरफ असते. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या चाळीस-पन्नास फूट लांब जातात, त्यांचा सगळा पाला टोकाकडे असतो आणि पावसात भिजल्यावर तोच पाला वजनदार होतो. अशी फांदी वाऱ्यात मोडते ती बहुधा टोकाच्या ओझ्याने. तिच्या शेवटच्या आठ-दहा फुटांतली योग्य ती जोडफांदी काढली, तर बुडावरचा ताण जेवढा उतरतो तेवढा तिच्या मध्यावरच्या डहाळ्या साफ करून कधीच उतरत नाही. उलट मधल्या डहाळ्या काढल्या की फांदी शेपटीच्या गोंड्यासारखी होते आणि जास्तच हेलकावते. पण टोकापर्यंत पोहोचायचे कसे? चढणाऱ्याला वरच्या बेचक्यात दोर अडकवून, त्या दोरावर भार टाकत, आडव्या फांदीवरून पावला-पावलाने बाहेर सरकावे लागते. एका फांदीला अर्धा तास सहज जातो. खोडाजवळ उभे राहून अख्खी फांदी बुडातून उतरवायला दहा मिनिटे लागतात आणि ढीगही मोठा होतो. म्हणजे छोट्या ढिगाला जास्त वेळ, जास्त जोखीम आणि जास्त मजुरी लागते. गिऱ्हाइकाला नेमके उलटे वाटते.

सर्वांत जास्त मागणी असते ती 'वरून बोडके करा' याची. वर्षभराची कटकट मिटते, असा समज आहे. झाडाचा शेंडा आणि फांद्या सपाट कापल्या की महिन्या-दीड महिन्यात कापलेल्या टोकांभोवती धुमाऱ्यांचे झुपके फुटतात. संत्र्याच्या बागा करणारे शेतकरी अशा फुटव्यांना पाणसोट म्हणतात. झाड पुन्हा हिरवे दिसते आणि सगळे खूश होतात. ते धुमारे मात्र सालीलगतच्या थरातून आलेले असतात, मूळ फांदीसारखे खोडाच्या आत रुजलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते जाड होतात, खालचे कापलेले टोक तोवर कुजत आलेले असते आणि मग एखाद्या वळवाच्या पावसात तो अख्खा झुपका एखाद्या गाडीवर बसतो. तेव्हा पुन्हा आम्हालाच बोलावतात, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीने बोडके करणे फायद्याचेच आहे, असे मी एकदा एका सभासदाला म्हणालो. त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी मला त्याच भावात ते करून द्यायला सांगितले.

झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, ही गोष्ट मला धंद्यात पडून सहा-सात वर्षे झाल्यावर कळली. अमेरिकेच्या वन खात्यात ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे साखळी करवतीने उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिले आणि १९७७ मध्ये ते सगळे एका पुस्तिकेत मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर कंगोरा दिसतो. भिंत घालण्याची सर्वांत चांगली सोय तिथेच असते. म्हणून काप त्या कंगोऱ्याच्या लगेच बाहेर हवा: आत घुसून कंगोरा सोलायचा नाही आणि बाहेर खुंटही सोडायचा नाही. आमच्याकडे मात्र खोडाशी गुळगुळीत कापणे म्हणजे 'सफाईचे काम' मानले जाते. माझ्याच हातून अशी सफाई शेकडो झाडांवर झाली आहे आणि त्यांतल्या काही ढोल्या आज मला रस्त्यावरून जाताना ओळखू येतात.

जड फांदी एका कापात काढायची नसते. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. करवत चिमटू लागली की थांबायचे. दुसरा काप त्याच्याही थोडा बाहेर, वरून. फांदी मोडून पडते आणि साल फाटत गेली तरी पहिल्या कापापाशी येऊन थांबते. उरलेला हलका खुंट मग हाताने धरून कंगोऱ्याबाहेर कापायचा. खालचा काप विसरला तर पडणारी फांदी खोडाची साल दोन-तीन फूट खाली सोलून नेते, आणि त्या जखमेला कोणताही लेप पुरत नाही. लेपाची तर वेगळीच गंमत आहे. मोठ्या कापावर काही लावले नाही तर 'औषध नाही लावलं का?' असे हमखास विचारतात. आंब्यावर मी बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फळबागेत बुरशीसाठी तिचा उपयोग आहे. बाकी झाडांवर डांबर किंवा रंग फासणे म्हणजे निव्वळ गिऱ्हाइकाचे समाधान असते, आणि शिगोंनीही असल्या लेपांनी कूज थांबत नाही असेच दाखवले होते. तरीही माझ्या टेम्पोत गेरूचा एक डबा असतो. समाधानालाही बाजारात किंमत आहे.

चुका आमच्याही होतात. चार वर्षांपूर्वी सहकारनगरात एका बंगल्यावर झुकलेली फांदी उतरवताना आम्ही दोर तिच्या बुडाकडे बांधला. तसा बांधला की कापल्यावर बूड दोरावर लटकते आणि पालेदार टोक आधी खाली जाऊन झोका घेते; जागा मोकळी असेल तर हरकत नसते. तिथे ती नव्हती. टोक शेजारच्या गच्चीवरून झाडूसारखे फिरले आणि सौर बंबाच्या अकरा काचेच्या नळ्या फुटल्या. दोर टोकाच्या बाजूला बांधला असता, किंवा दोन दोर घेऊन फांदी आडवी उतरवली असती, तर काही झाले नसते. शेजारच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "अहो, माणूस नाही ना लागलं कुणी? मग नळ्यांचं बघू." नळ्यांचे पैसे मी भरले, ते त्या कामाच्या नफ्याच्या दुपटीहून जास्त होते. तेव्हापासून कोणताही मोठा काप घेण्याआधी खालचा माणूस आणि वरचा माणूस दोघेही मोठ्याने सांगतात की फांदी कुठे जाणार आहे, आणि दोघांचे उत्तर जुळले नाही तर करवत सुरू होत नाही.

वर चढणारे आमचे मामा पंचावन्न वर्षांचे आहेत. ते अजून अनवाणी चढतात. पट्टा आणि शिरस्त्राण आणून दिल्यावर त्यांनी पहिले वर्षभर शिरस्त्राणात कोयत्याची कानस आणि तंबाखूची पुडी ठेवली. "पट्टा लावला की झाड कळत नाही," असे ते म्हणत. विमा कंपनीच्या माणसाने कामगार भरपाईच्या पॉलिसीच्या वेळी, पट्ट्याशिवाय अपघात झाला तर काय अडचणी येतील हे त्यांच्यासमोरच सांगितले. पण मामा ऐकले ते त्यामुळे नाही, तर नातीने त्यांचा पट्ट्याशिवाय वर चढलेला फोटो पाहून भोकाड पसरले म्हणून. आता ते पट्टा लावतात आणि दर वेळी कुरकुरतात. त्यांच्यानंतर कोण, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. नवी पोरे येतात, आठवडाभर खाली पाला ओढतात आणि मग घरपोच जेवण पोहोचवण्याच्या कामाला लागतात, कारण तिथे पडले तर दुचाकीवरून पडतात, तीस फुटांवरून नाही. त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही. जो एक पोरगा टिकला आहे त्याला मी आधी साखळीला धार लावायला बसवले. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या काढते, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. भुसा दिसला की यंत्र बंद करायचे, एवढे त्याला स्वप्नातही पाठ आहे. करवतीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला तर यंत्र उसळून अंगावर येते, हे त्याला अजून फक्त तोंडपाठ आहे, म्हणून करवत घेऊन तो झाडावर चढत नाही.

परवानग्यांबद्दल लोकांचे दोन टोकांचे समज आहेत: एक, आपल्या आवारातले झाड आपले, आणि दोन, झाडाला हात लावला की तुरुंग. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे आणि त्यात झाड तोडणे या शब्दांत झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे येते, त्यामुळे छाटणीलाही परवानगी घ्यावी लागते. पूर्ण झाड काढायचे असेल तर पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटवली जाते आणि हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. तेव्हापासून सगळ्यांची झाडे एकदम तरुण झाली आहेत. "वीस-बावीस वर्षांचं असेल, नाही का?" असे मला विचारतात आणि माझ्या होकाराची वाट पाहतात. खरे सांगायचे तर घेरावरून वय काढणे ही फसवी गोष्ट आहे. पर्जन्यवृक्ष भराभर वाढतो, त्याचा दोघांच्या कवेत न मावणारा बुंधाही फार म्हातारा असेलच असे नाही. सागाची वर्तुळे मोजता येतात, आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक झाडांची तशी भरवशाने मोजता येत नाहीत. मी वय सांगत नाही, इमारत कधी बांधली तेवढे विचारतो आणि अर्जात लिहायला सांगतो.

झाड काढा, असेही मला कधी कधी सांगावे लागते, आणि तेव्हा बोडके करायला निघालेली माणसेच झाडाच्या बाजूने उभी राहतात. गेल्या वर्षी एका फाटकाशी उभा असलेला गुलमोहोर मे महिन्यात लालभडक फुलला होता. बुडाशी, मातीपासून वीतभर उंचीवर, तपकिरी, लाखेसारखी चकाकणारी, ताटलीएवढी बुरशी आली होती. लाकडी हातोड्याने बुंधा ठोकत गेलो तर एका बाजूने टणटण आणि बुरशीच्या बाजूने ढोलक वाजावा तसा आवाज. गुलमोहोराला ही बुरशी वारंवार धरते, मुळे आणि बुंधा आतून पोकरते, आणि पाणी वाहून नेणारा बाहेरचा थर शाबूत असेपर्यंत वर फुले येतच राहतात. त्यात त्या बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंटची फरशी अगदी सालीला भिडवून घातलेली होती. झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत सांगितले होते. आपल्याकडे फरशीवाला झाडाची सालच फरशीची कड मानतो. सोसायटीतल्या एका ताईंनी मला सरळ विचारले, "फुललेलं झाड तोडायला सांगताय, तुमचं लाकडाचं गणित आहे का?" परवानगी येईपर्यंत पावसाळा तोंडावर आला होता. झाड उतरवल्यावर बुंध्याची जी चकती निघाली, तिच्यात बोटभर जाडीची चांगली कड होती आणि आतला भाग ओल्या पुठ्ठ्यासारखा हाताने निघत होता. ती चकती मी वाळवून टेम्पोत ठेवली आहे. दहा वाक्यांनी जे पटत नाही ते ती दाखवल्यावर पटते.

हंगामाचे गणितही विचित्र आहे. सगळ्यांना छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यात हवी असते, आणि नेमकी त्याच सुमारास कावळ्यांची घरटी असतात, वाळक्या फांद्यांत तांबटाने कोरलेल्या ढोल्यांत पिल्ले असतात. घरट्याची फांदी आम्ही सोडतो आणि बिलात तिचे पैसे धरत नाही. मामांचा त्यावर एवढाच शेरा असतो की कावळा चोच मारतो तेव्हा पट्टा बरा. जानेवारी-फेब्रुवारीत, झाड निवांत असताना आणि माझी माणसेही रिकामी असताना, मी सवलत देऊन पाहिली. दोन सोसायट्यांनी घेतली.

या वर्षीपासून मी दरपत्रकाच्या शेवटी एक ओळ छापतो: 'कामानंतर झाड फारसे बदललेले दिसणार नाही.' माझ्या मुलीचे म्हणणे आहे की असली जाहिरात करणारा मी जगात एकटाच असेन. गेल्या आठवड्यात त्याच कोथरूडच्या सोसायटीने, कोपऱ्यातल्या दुसऱ्या पर्जन्यवृक्षासाठी, तीन जणांकडून दरपत्रके मागवली, त्यांत माझेही आहे. खजिनदार तेच आहेत. त्यांनी फोन करून ती ओळ काढायला सांगितली, कारण सभासद वाचून प्रश्न विचारतील. मी ती ठेवली आहे, फक्त खाली पाच फांद्यांच्या टोकांची खुणा केलेली छायाचित्रे जोडली आहेत. रविवारी त्यांची सभा आहे.